दूरशिक्षण आणि ऑनलाइन उच्चशिक्षण : परिणामकारकतेचा ताळेबंद

महाविद्यालयात रोज हजेरी लावणे ज्यांना शक्य नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी भारतात गेली सहा दशके दूरशिक्षणाची व्यवस्था कार्यरत आहे. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात उच्चशिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी १४ लाख होती. त्यांपैकी ४५ लाख ७१ हजार विद्यार्थी दूरशिक्षणाद्वारे शिकत होते व त्यांत २० लाख ९० हजार महिला होत्या. याचा अर्थ, दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी महाविद्यालयाच्या वर्गाबाहेर राहून पदवी किंवा पदविकेचा अभ्यास करीत होता.

एवढ्या मोठ्या संख्येने दिले जाणारे हे शिक्षण कितपत परिणामकारक आहे, हा प्रश्न केवळ शिक्षणतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. नोकरी सांभाळून शिकणारा कर्मचारी, विवाहानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, महाविद्यालयापासून दूर राहणारा ग्रामीण युवक यांच्या वेळेचा, पैशाचा आणि आशेचा तो प्रश्न आहे.

टपालापासून संगणकापर्यंत

भारतातील विद्यापीठीय दूरशिक्षणाचा प्रारंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमांनी झाला. छापील पाठ टपालाने पाठवावेत, विद्यार्थ्याने घरी अभ्यास करावा आणि वर्षाअखेर परीक्षा द्यावी, असे तिचे साधे स्वरूप होते. पुढे अनेक विद्यापीठांनी असे विभाग सुरू केले.

दुसरा टप्पा मुक्त विद्यापीठांचा. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने जगापुढे नवा आदर्श ठेवला होता. त्या धर्तीवर १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. १९८७ मध्ये अवघे दोन अभ्यासक्रम आणि ४ हजार ५२८ विद्यार्थी यांसह त्याचे अध्यापन सुरू झाले. त्याच वर्षी कोटा व पाटणा येथेही मुक्त विद्यापीठे अस्तित्वात आली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरुपद भूषविले.

प्रसारमाध्यमांचा वापरही याच काळात वाढला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग दूरदर्शनवरून १५ ऑगस्ट १९८४ पासून प्रसारित होऊ लागले. २००० मध्ये ‘ज्ञानदर्शन’ ही शैक्षणिक वाहिनी आणि त्यापाठोपाठ ‘ज्ञानवाणी’ ही आकाशवाणी सेवा सुरू झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ हा उपग्रह श्रीहरिकोटा येथून अवकाशात पाठविण्यात आला. २०१० मध्ये त्याचे कार्य संपले.

तिसरा टप्पा इंटरनेटचा. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये हाती घेतलेल्या ‘एनपीटेल’ प्रकल्पामुळे अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली. २०१४ पासून त्याला प्रमाणपत्र परीक्षांची जोड मिळाली. जुलै २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळाचे औपचारिक उद्घाटन झाले. त्याचबरोबर ‘स्वयम् प्रभा’ या ३२ दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या संचाचाही प्रारंभ झाला.

केवळ पाठ पाठविणे पुरेसे नाही

टपालाने आलेले पुस्तक, दूरचित्रवाणीवरील व्याख्यान आणि संगणकावरील चित्रफीत यांत तांत्रिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. तथापि, शिकणाऱ्याच्या दृष्टीने या तिन्हींत एक साम्य आहे. माहिती एकाच दिशेने येते. शंका विचारली तर उत्तर देणारे समोर कोणी नसते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी या अंतराची मीमांसा केली आहे. त्यांच्या मते दूरशिक्षणातील खरे अंतर भौगोलिक नसून शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील आकलनाचे व संवादाचे असते. संवाद वाढला की ते घटते. संवाद कमी आणि अभ्यासक्रमाची चौकट ताठर असेल, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर अधिक मार्ग काढावा लागतो.

मुक्त विद्यापीठांच्या रचनेत हे अंतर कमी करण्याची तरतूद मुळातच होती. स्वयंअध्ययनासाठी लिहिलेली पुस्तके, जवळच्या महाविद्यालयात चालणारे अभ्यासकेंद्र, तेथील संमंत्रक, ठरावीक काळाने लिहून द्यावयाचे स्वाध्याय आणि त्यांवर शिक्षकाने दिलेले अभिप्राय ही तिची अंगे होत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातही प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक आणि त्याने तपासलेले स्वाध्याय यांनाच मध्यवर्ती स्थान देण्यात आले होते.

स्वाध्यायाचे महत्त्व केवळ गुणांपुरते नाही. ‘येथे तुमचा तर्क चुकला, कारण असे’ हे एक वाक्य एकट्याने अभ्यास करणाऱ्याला पुढे नेते. तपासनीसाने फक्त गुण लिहून स्वाध्याय परत केला, किंवा तो परीक्षा होऊन गेल्यावर मिळाला, तर त्याचा मूळ हेतूच संपतो.

संशोधन काय सांगते?

वर्गातील आणि दूरस्थ अध्यापन यांची तुलना करणारे संशोधन विपुल आहे. अमेरिकी अभ्यासक थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये अशा ३५५ अभ्यासांचे संकलन प्रसिद्ध केले. माध्यम बदलल्याने विद्यार्थ्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यापूर्वी १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी हाच विचार मांडला होता. किराणा वाहून आणणाऱ्या मालमोटारीमुळे त्या किराण्याचे पोषणमूल्य बदलत नाही. त्याचप्रमाणे माध्यम हे केवळ वाहन आहे, अशी त्यांची भूमिका होती.

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१० मध्ये सुधारलेल्या अहवालात ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी सरासरीने किंचित सरस आढळली. वर्ग आणि ऑनलाइन यांचा मेळ घालणाऱ्या मिश्र पद्धतीत हा लाभ अधिक होता. परंतु मिश्र पद्धतीत विद्यार्थ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते. त्यामुळे यशाचे श्रेय एकट्या माध्यमाला देता येत नाही, असा इशारा त्याच अहवालात आहे.

सरासरीमागे दडलेले चित्र २०१७ मधील एका अभ्यासाने पुढे आणले. एरिक बेटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या खाजगी विद्यापीठाच्या २ लाख ३० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. तेथे तोच अभ्यासक्रम, तीच पुस्तके आणि तेच स्वाध्याय वर्गात व ऑनलाइन अशा दोन्ही प्रकारे दिले जात. ऑनलाइन शिकणाऱ्यांची श्रेणी ४ गुणांच्या मापनात सरासरी ०.४४ गुणांनी कमी आली. त्यांची पुढील गळतीही वाढली. ज्यांची पूर्वीची कामगिरी कमकुवत होती, त्यांना अधिक फटका बसला.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. स्वयंशिस्त असलेला, पायाभूत तयारी पक्की असलेला विद्यार्थी कोणत्याही माध्यमातून शिकतो. ज्याला आधाराची गरज आहे, तो मात्र आधार काढून घेताच मागे पडतो. आणि वर्गात येऊ न शकणारे अनेक विद्यार्थी याच दुसऱ्या गटातील असतात.

गळतीचा प्रश्न

मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांचा २०१२ नंतर जगभर मोठा गाजावाजा झाला. हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील सहा वर्षांच्या नोंदींचे विश्लेषण जस्टिन रीच व होसे रुइपेरेस-वालिएन्ते यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नोंदणी करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३.१३ टक्के होते. शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांत मात्र ते ४६ टक्के होते.

या आकड्यांचे दोन अर्थ निघतात. विनामूल्य नावनोंदणी ही वाचनालयातील पुस्तक चाळण्यासारखी असल्याने तिच्यावरून संपूर्ण पद्धतीला अपयशी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याच वेळी, नावनोंदणीचे लाखांतील आकडे हे शिक्षणप्रसाराचे प्रमाण म्हणून मांडणेही तितकेच दिशाभूल करणारे आहे. किती जणांनी प्रवेश घेतला, किती परीक्षेला बसले आणि किती उत्तीर्ण झाले, हे तीन आकडे एकत्र दिल्याशिवाय कोणत्याही अभ्यासक्रमाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

महामारीचा अनुभव

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे देशातील महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन रातोरात संगणक व मोबाइलच्या पडद्यावर आले. ही प्रत्यक्षात आणीबाणीची सोय होती. वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर देण्यात आले. स्वयंअध्ययनाचे साहित्य तयार करण्यास कोणालाही अवधी मिळाला नाही. म्हणूनच त्या काळातील अनुभवावरून नियोजनपूर्वक उभारलेल्या दूरशिक्षणाची परीक्षा करणे योग्य ठरत नाही.

साधनांची विषमता मात्र त्या काळात ठळकपणे समोर आली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होते. संगणक असलेली कुटुंबे शहरांत २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के होती. त्यानंतर मोबाइलवरील इंटरनेटचा प्रसार झपाट्याने झाला. तरीही घरातील एकच मोबाइल तीन भावंडांत वाटून घेणे आणि स्वतंत्र संगणकावर अभ्यास करणे यांतील फरक कायम राहतो. छापील पुस्तकाला वीज किंवा संकेत लागत नाही, हा त्याचा गुण या संदर्भात विसरता येत नाही.

पदवीचे मूल्य आणि कायद्याची चौकट

शिक्षण कितीही चांगले असले, तरी पदवीला मान्यता नसेल तर विद्यार्थ्याची वर्षे वाया जातात. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीविना दूरशिक्षणाद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत कठोर निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना पुनःपरीक्षेची संधी देण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. संस्थांच्या चुकीची मोठी किंमत अशा रीतीने विद्यार्थ्यांनाही मोजावी लागली.

दूरशिक्षणाचे नियमन २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आहे. आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम लागू केले. त्यांनुसार मान्यताप्राप्त संस्थेने दिलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. ‘स्वयम्’ वरील अभ्यासक्रमांतून मिळविता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ मध्ये २० टक्के होती. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली.

काही विषयांना माध्यमाची मर्यादा आहे, हेही या चौकटीत मान्य केलेले आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या यांसारख्या प्रत्यक्ष कौशल्यावर आधारित पदव्या दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्र यांसारख्या आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रमांनाही दूरस्थ पद्धतीने मनाई करण्यात आली. प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित संस्था आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम या दोहोंना त्या सत्रासाठी मान्यता आहे किंवा कसे, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहणे आवश्यक आहे.

मिश्र पद्धतीकडे

परिणामकारक रचना कशी असू शकते, याचे एक उदाहरण चेन्नई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विदाविज्ञान पदवी अभ्यासक्रमात दिसते. जून २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. प्रवेशासाठी चार आठवड्यांचा पात्रता अभ्यास करावा लागतो. व्याख्याने व साप्ताहिक स्वाध्याय ऑनलाइन असतात, परंतु मुख्य परीक्षा निरनिराळ्या शहरांतील केंद्रांवर प्रत्यक्ष देखरेखीखाली होतात. मध्येच थांबावे लागल्यास पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते. तयारीची पूर्वपरीक्षा, नियमित स्वाध्याय, विश्वासार्ह परीक्षा आणि थांबण्याची सन्मान्य सोय ही चार वैशिष्ट्ये येथे एकत्र आली आहेत.

उच्चशिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ठेवण्यात आले आहे. २०१८ मध्ये ते २६.३ टक्के होते. केवळ नव्या इमारती बांधून ही मजल गाठणे कठीण आहे. त्यामुळे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणावरील भार वाढणार, हे निश्चित आहे.

हा भार पेलण्यासाठी चित्रफितींची संख्या वाढविण्यापेक्षा अभ्यासकेंद्रे सक्षम करणे, स्वाध्याय वेळेवर तपासून परत देणे आणि संमंत्रकांना पुरेसे मानधन व प्रशिक्षण देणे अधिक निकडीचे आहे. या बाबींवर खर्च होतो व दूरशिक्षण स्वस्त असावे, या अपेक्षेपुढे त्यांनाच प्रथम कात्री लागते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारले. ज्ञान घरापर्यंत पोहोचविण्याची साधने आज पूर्वी कधी नव्हती एवढी उपलब्ध आहेत. घरात एकट्याने अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर मिळते किंवा नाही, यावरच त्यांची परिणामकारकता ठरणार आहे.