हाकेचें मोल

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ व सुरगाणा हे डोंगराळ तालुके आहेत. तेथील एखाद्या पाड्यावर मध्यरात्रीं बाळंतवेणा सुरू झाल्या म्हणजे घरच्यांस पहिली विवंचना पडते ती दवाखान्यास वर्दी कशी द्यावी ही. त्या वर्दीस आजवर काय दाम पडत आले, हा विषय किरकोळ वाटेल. पण आमच्या मतें तो विचार करण्याजोगा आहे.

इ. स. १८५४ सालीं टपालाचे दर एकसारखे झाले आणि पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत हिंदुस्थानांत कोठेंही जाऊं लागलें. अंतर पाहून दाम घ्यावयाचे नाहींत, हें तत्त्व त्या तिकिटाबरोबर आलें. आणि अशीं तिकिटें पुढें आमच्याच नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत निघूं लागलीं.

दूरध्वनीनें मात्र हें तत्त्व मानलें नाहीं. मुंबईस तो १८८२ सालीं आला. पुढें परगांवीं बोलण्याचा आकार अंतर व वेळ या दोहोंवर ठरूं लागला. शहरांतील सधन गृहस्थास डॉक्टर जवळ, म्हणून हाकही स्वस्त. डोंगरांतील गरिबास रुग्णालय लांब, म्हणून तीच हाक महाग! एस. टी. डी.चीं दुकानें निघालीं, तेव्हां बोलणाऱ्याची नजर यंत्रावरील वाढत्या आंकड्यांवर खिळलेली असे. त्यानें दुखणें सांगावें कीं पैसे मोजावे? १९९५ सालीं मोबाईल आला तेव्हां मिनिटास १६ रुपयांच्या घरांत खर्च येई, आणि २००३ पर्यंत ऐकणाऱ्यासही पैसे पडत.

२००५ सालीं आंध्र प्रदेशांत १०८ हा विनामूल्य क्रमांक सुरू झाला. २०१४ सालीं महाराष्ट्रानें ९३७ रुग्णवाहिकांसह ती सेवा उभी केली. टपालाचें तत्त्व रुग्णाच्या हाकेस लागू होण्यास अशा रीतीनें १६० वर्षें लागलीं.

फुकट सोयीचा दुरुपयोग होतो, असा आक्षेप ऐकूं येतो. तो खोटा नाहीं. परंतु थट्टेखोरांस आळा घालण्याकरितां अडलेल्या बाईची वाट रोखणें हा न्याय नव्हे. खरी उणीव निराळीच आहे. दवाखान्याच्या साध्या क्रमांकावर चौकशी करावयाची तर मोबाईलचा रिचार्ज शिल्लक असावा लागतो. ज्याचा तो संपला, त्यास तांतडीचा क्रमांक मिळेल. पण डॉक्टर आज आहेत काय, एवढें विचारण्यास त्याला एस. टी.चें भाडें खर्चून नाशिक गांठावें लागेल. प्रत्येक सरकारी दवाखान्यांतील साधी चौकशीही विनामूल्य होईल, तेव्हांच १८५४ सालीं आरंभिलेलें काम पुरें झालें, असें आम्ही म्हणूं.