भगताचे दाणे आणि वैद्याची मात्रा

१७८३ पासून पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या नगर-हवेलीतील सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी मुक्त झाले. १९६१ साली हा प्रदेश भारतात विलीन झाला. राजवटी पालटल्या, पण वारली-कोकणा पाड्यांवर मन बिघडलेल्या माणसाचा पहिला आधार भगतच राहिला. तांदळाचे दाणे पाहून कोणता देव रुष्ट झाला, ते तो सांगतो. आपणही संकटसमयी देवास कौल लावतोच. तेव्हा त्यास हसण्याचा अधिकार आपणांस नाही. भगताच्या निमित्ताने आप्तस्वकीय रुग्णाभोवती जमतात, आणि एकाकी मनास तेही औषधच.

मात्र याच दाण्यांतून एखादी निराधार स्त्री ‘भुताळी’ ठरते, तेव्हा तिचे रक्षण हाच धर्म होय. तामिळनाडूत एरवाडी येथे २००१ साली आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही; २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे साखळदंड निषिद्ध केले.

परंतु केवळ कायद्याने विश्वास उपजत नाही. वैद्याने पाड्याची बोली शिकावी, देवास नारळ वाहू द्यावा. भगतानेही रुग्णास वेळीच रुग्णालयाची वाट दाखवावी. देवाचा कौल आणि वैद्याची मात्रा यांत वैर कशास हवे?