विदर्भ क्रिकेट संघाची गोलंदाजी

रणजी करंडक स्पर्धेतील विदर्भ संघाच्या गोलंदाजांची निवड व त्यांच्या राखीव बळाची घडण. वाशिम जिल्ह्यातील रिठद व पूर्वेकडील गडचिरोली यांसह ११ जिल्ह्यांचा प्रदेश या संघाच्या क्षेत्रात येतो. संघाने १९५७-५८ मध्ये स्पर्धेत पदार्पण केले. विजेतेपदास मात्र साठ वर्षे लागली.

अमेरिकन बेसबॉलमध्ये साधारणतः पाच पिचर आळीपाळीने सामन्याचा आरंभ करतात. एकदा बदललेल्या पिचरला त्या सामन्यात परत येता येत नाही. म्हणून राखीव पिचरांना महत्त्व असते. क्रिकेटमध्ये गोलंदाज पुनःपुन्हा चेंडू टाकू शकतो. परंतु बदली क्षेत्ररक्षकास सामान्यतः गोलंदाजी करता येत नाही. त्यामुळे चार-पाच दिवसांचा भार निवडलेल्या मोजक्या गोलंदाजांवरच पडतो. प्रमुख गोलंदाज राष्ट्रीय संघात गेल्यास संघाच्या खऱ्या बळाची कसोटी लागते.

विदर्भाकडून भारतीय कसोटी संघात पोहोचलेले पहिले खेळाडू उमेश यादव (२०११) होत. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात, कोलकाता येथे, कर्नाटकास विजयासाठी १९८ धावा हव्या असता त्याचा डाव १९२ धावांत आटोपला. या सामन्यात रजनीश गुरबानी यांनी १२ बळी घेतले. त्यानंतर यादव दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. त्यांच्या जागी अकोल्याच्या आदित्य ठाकरे यांना थेट अंतिम सामन्यात पदार्पणाची संधी देण्यात आली. इंदूर येथील या सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानी यांनी त्रिक्रम साधून ५९ धावांत ६ बळी घेतले. रणजी अंतिम सामन्यातील हा दुसराच त्रिक्रम होय. पहिला १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी नोंदविला होता. दुसऱ्या डावात ऑफ-स्पिनर अक्षय वखरे यांनी चार बळी मिळविले आणि विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. फैज फजल कर्णधार व चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते.

पुढील हंगामात भार वेगवान गोलंदाजांकडून फिरकीकडेही सरकला. केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात यादव यांनी १२ बळी घेतले. नागपूर येथील अंतिम सामन्यात डावखुरे फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे यांनी ११ बळी मिळवून सौराष्ट्रास ७८ धावांनी नमविले. हंगामात त्यांचे ५५ बळी झाले.

सरवटे २०२४-२५ मध्ये केरळकडून खेळले व अंतिम सामन्यात विदर्भाचेच प्रतिस्पर्धी ठरले. त्यांची उणीव हर्ष दुबे या दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने भरून काढली. दुबे यांनी ६९ बळी घेऊन स्पर्धेतील एका हंगामाचा विक्रम केला. पूर्वीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमन यांचा (६८ बळी, २०१८-१९) होता. मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना जिंकण्यात पार्थ रेखाडे यांच्या फिरकीचाही वाटा होता. नागपूर येथील अंतिम सामन्यात दुबे, रेखाडे व जलद गोलंदाज दर्शन नळकांडे यांनी पहिल्या डावात प्रत्येकी तीन बळी घेतले. सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भास तिसऱ्यांदा करंडक मिळाला. तिन्ही विजेतेपदांत आघाडीचा गोलंदाज वेगळा होता, हे या संघाच्या गोलंदाजीचे प्रमुख वैशिष्ट्य होय.