नव्या यकृताला 'पिंग'

सर्व्हर जिवंत आहे का, हे बघायला आम्ही काय करतो? एक छोटासा संदेश पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. परवा एका भूलतज्ज्ञ मित्राशी गप्पा मारताना कळलं, की नव्याने बसवलेल्या यकृताच्या बाबतीत डॉक्टर मंडळींनी जवळपास हेच करून बघितलंय. मग काय, अख्खा शनिवार त्यातच गेला!

गोष्ट सुरू होते दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांपासून. त्यांना लावलेलं विष म्हणजे क्युरारे. 1850च्या सुमारास क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने बेडकांवर प्रयोग करून दाखवलं, की हे विष स्नायूला मारत नाही, फक्त मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. थोडक्यात, केबल कापली जाते, मशीन शाबूत राहतं. 1942 मध्ये माँट्रियलला हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी तेच क्युरारे शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला वापरलं. पुढे याच पद्धतीने काम करणारी नवी औषधं आली. त्यातली व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम शरीराबाहेर काढण्याचं काम मुख्यतः यकृत करतं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता दुसरा धागा. 1963 मध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तो लहानगा रुग्ण रक्तस्रावाने टेबलावरच गेला. वर्षाहून जास्त जगलेला रुग्ण मिळायला 1967 उजाडलं. पण तंत्र सुधारलं तरी एक धास्ती राहिलीच: बसवलेलं यकृत चाललंच नाही तर? मग काही दिवसांत दुसरं यकृत मिळवावं लागतं, नाहीतर माणूस जातो. म्हणजे हे जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

इथे दोन्ही धागे जुळतात. भूलतज्ज्ञ मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार बारीक झटके देऊन अंगठा किती हलतो ते बघत असतोच. जुनं यकृत काढलं की औषध साफ करणारा मुख्य गडीच गायब, त्यामुळे कमी औषध पुरतं. नवीन यकृतात रक्त सोडल्यावर औषधाची गरज पुन्हा वाढली, तर समजायचं की गडी कामाला लागला! अंगठा निपचितच राहिला, तर मात्र काळजी. 1990च्या दशकात अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि औषधाचा असर लांबणं हा नवीन यकृत नीट चालत नसल्याचा इशारा असू शकतो, असं मांडलं.

अर्थात हा पिंग शंभर टक्के भरवशाचा नाही. शरीर गार पडलं तरी असर लांबतो. शिवाय औषध साफ झालं म्हणजे यकृताची बाकीची कामं सुरू झाली असं नाही. रक्त गोठणं, लॅक्टेट, पित्त हे सगळं बघावंच लागतं.

गंमत पुढेच आहे. अ‍ॅट्राक्युरियम आणि सिसॅट्राक्युरियम ही औषधं बहुतांशी यकृताच्या मदतीशिवाय आपोआप विघटित होतात. आजारी यकृताच्या रुग्णाला ती जास्त सोयीची, पण नेमकी म्हणूनच ती यकृताबद्दल काहीच सांगत नाहीत!

आमच्या धंद्यातही असंच असतं. एखादा भाग बंद पडला तरी फरक पडू नये अशी सिस्टिम आपण बांधतो, आणि मग तो बंद पडलाय हेच कुणाला कळत नाही. सोमवारी ऑफिसला गेल्यावर आधी आमचे अलार्म तपासणार आहे. तुम्ही?