प्रक्रिया उत्पादनाचे लेबल : छपाईला फाइल देण्यापूर्वीची तयारी

हळद पावडर, गूळ, काकवी, बेदाणे, लोणची असा माल स्वतःच्या नावाने विकायचा ठरवला की लेबल लागतेच. लेबलची छपाई हजारांच्या पटीत होते. परवाना क्रमांकातील एक आकडा चुकला, तर तो तितक्याच लेबलांवर चुकतो. खर्च वाया जातोच, शिवाय दुकानदार माल परत पाठवतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ नुसार चुकीचे किंवा अपुरे लेबल असलेल्या अन्नपदार्थासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छापखाना मजकूर तपासत नाही. दिलेली फाइल छापतो. त्यामुळे फाइल तपासण्याची जबाबदारी तुमची आहे. या लेखात ५०० ग्रॅम हळद पावडरच्या पाऊचचे उदाहरण घेतले आहे. इतर उत्पादनांनाही हीच पद्धत लागू पडते.

१) आधी मजकूर, मग डिझाइन

डिझायनरकडे जाण्यापूर्वी सर्व मजकूर टाइप करून अंतिम करावा. त्यात पुढील बाबी असाव्यात.

- उत्पादनाचे नाव, घटक पदार्थ, निव्वळ वजन
- उत्पादक व पॅकिंग करणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता
- एफएसएसएआय बोधचिन्ह व १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक
- शाकाहारी चिन्ह
- बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख
- सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि प्रति ग्रॅम विक्री दर
- ग्राहक तक्रारीसाठी दूरध्वनी व ई-मेल
- लागू असल्यास पोषण माहिती आणि ॲलर्जीविषयक सूचना

केवळ मराठीत छापलेले लेबल नियमात बसत नाही. बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत द्यावी लागते. मराठी मजकूर त्याच्या जोडीला देता येतो. दोन्ही भाषांतील वजन, तारीख व पत्ता तंतोतंत जुळला पाहिजे.

‘सेंद्रिय’ हा शब्द एनपीओपी किंवा पीजीएस प्रमाणपत्र असेल तरच वापरावा. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताजे’ अशा शब्दांच्या वापरावर २०१८ च्या दावे व जाहिरात नियमावलीत अटी आहेत. सांगलीची हळद, वायगावची हळद, कोल्हापूरचा गूळ यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचे चिन्ह वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते.

२) माप प्रत्यक्ष पाऊचवरून घ्या

रिकाम्या पाऊचवर माप घेऊ नका. पाऊच भरल्यावर फुगतो आणि कडा वळतात. भरून सील केलेल्या पाऊचवर कागद चिकटवून सपाट भाग आखून घ्यावा. बरणी असल्यास कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजावा. बरणीचा व्यास ६५ मि.मी. असेल तर घेर सुमारे २०४ मि.मी. येतो. लेबल पूर्ण गुंडाळायचे असल्यास ५ ते ६ मि.मी. जास्त लांबी धरावी. बरणीच्या खांद्याचा उतरता भाग सोडावा, तेथे लेबलला सुरकुत्या पडतात.

आपल्या उदाहरणात लेबलचे माप १०० × १५० मि.मी. धरू. फाइल बनवताना तीन रेषा लक्षात ठेवाव्यात.

- कापण्याची रेषा : लेबलचे अंतिम माप, १०० × १५० मि.मी.
- ब्लीड : पार्श्वभूमीचा रंग कापण्याच्या रेषेबाहेर प्रत्येक बाजूला ३ मि.मी. वाढवावा. फाइलचे माप १०६ × १५६ मि.मी. होते. ब्लीड नसेल तर कटिंग किंचित सरकताच कडेला पांढरी रेघ दिसते.
- सुरक्षित जागा : मजकूर व चिन्हे कापण्याच्या रेषेच्या ३ मि.मी. आत ठेवावीत.

गोल किंवा वेगळ्या आकाराचे लेबल असल्यास डायची आकृती छापखान्याकडूनच मागवावी. ती फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर ठेवावी, म्हणजे ती छापली जाणार नाही.

३) रंग

मोबाइल आणि संगणकाचा पडदा प्रकाशातून रंग दाखवतो. ती आरजीबी पद्धत. छपाई सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक या चार शाईंनी होते. ती सीएमवायके पद्धत. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा केशरी शाईत तसा उतरत नाही, मंद दिसतो. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये बनवून घ्यावी.

बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवावा, म्हणजे काळा १०० टक्के आणि बाकी तिन्ही शून्य. चार शाई मिळून केलेल्या काळ्यात छपाई थोडी सरकली तरी अक्षरे धूसर होतात. पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर छापायचे असल्यास रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो फाइलमध्ये वेगळा दाखवावा लागतो.

हळदीतील कुरकुमीन उजेडाने कमी होते. त्यामुळे पाऊचवर माल दिसण्यासाठी मोठी पारदर्शक खिडकी ठेवण्याचा आग्रह धरू नये.

४) छायाचित्रे आणि बोधचिन्ह

छायाचित्र प्रत्यक्ष छपाईच्या मापात ३०० डीपीआयचे असावे. १०० मि.मी. रुंदीला सुमारे १,१८१ पिक्सेल लागतात. ब्लीड धरून १०६ मि.मी.ला सुमारे १,२५२. लहान चित्र संगणकावर ताणून मोठे केल्याने स्पष्टता वाढत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाऊन त्याचा दर्जा घटतो. ते डॉक्युमेंट म्हणून किंवा ई-मेलने पाठवावे. गटाचे बोधचिन्ह मात्र व्हेक्टर स्वरूपात बनवून घ्यावे. ते कितीही मोठे केले तरी कडा फाटत नाहीत.

५) मराठी अक्षरे : सर्वाधिक चुका येथेच

अनेक डिझायनर जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो तसाच चिकटवला तर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. ‘प्रक्रिया’, ‘शेतकऱ्यांची’, ‘उत्पादक’, ‘निर्मिती’ हे शब्द मुद्दाम तपासावेत.

मजकूर पक्का झाल्यावर सर्व अक्षरांचे कर्व्ह करून घ्यावेत. त्यामुळे छापखान्यातील संगणकावर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही. कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर टाइप करून दुरुस्ती करता येत नाही. म्हणून दोन फाइल ठेवाव्यात : एक दुरुस्तीसाठी, दुसरी छपाईसाठी.

काना-मात्रांमुळे बारीक देवनागरी लवकर भरून जाते. मराठी मजकूर शक्यतो ८ पॉइंटपेक्षा लहान नसावा. गडद रंगावर पांढरी अक्षरे असतील तर ती आणखी मोठी व जाड घ्यावीत. वजन व किंमत यांच्या अक्षरांची किमान उंची नियमात ठरवून दिली आहे, ती स्वतंत्रपणे पाहावी.

६) चिन्हे, बारकोड आणि मोकळी जागा

शाकाहारी चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. त्याचे किमान माप दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावर ठरते.

- १०० चौ. सें.मी.पर्यंत : गोलाचा व्यास ३ मि.मी., चौकटीची बाजू ६ मि.मी.
- १०० ते ५०० चौ. सें.मी. : व्यास ४ मि.मी., बाजू ८ मि.मी.
- ५०० ते २,५०० चौ. सें.मी. : व्यास ६ मि.मी., बाजू १२ मि.मी.

बारकोड मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीसाठी लागतो. तो जीएस१ इंडियाकडून नोंदणी करून घ्यावा. ईएएन-१३ बारकोडचे मूळ माप सुमारे ३७ × २६ मि.मी. आहे. ते ८० टक्क्यांपेक्षा लहान करू नये. पट्ट्या काळ्या आणि पार्श्वभूमी पांढरी ठेवावी. लाल पट्ट्या स्कॅनरला दिसत नाहीत. दोन्ही बाजूंची रिकामी जागा बारकोडचाच भाग आहे, तेथे मजकूर घालू नये. लहान व्यासाच्या बाटलीवर बारकोड आडवा फिरवावा, म्हणजे पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतील आणि वळणामुळे वाचन अडणार नाही.

बॅच क्रमांक, तारखा, किंमत व प्रति ग्रॅम दर प्रत्येक पॅकिंगला बदलतात. ते लेबलवर छापून घेऊ नयेत. त्यासाठी साधारण २० × ४० मि.मी. पांढरी चौकट सोडावी आणि तिच्यावर वार्निश किंवा लॅमिनेशन करू नये असे छापखान्याला लेखी कळवावे. गुळगुळीत थरावर शिक्क्याची शाई पुसली जाते आणि तारीख पुसलेला माल विना-तारखेचाच ठरतो.

७) अंतिम फाइल आणि प्रूफ

छपाईसाठी पीडीएफ द्यावी. त्यात ब्लीड, कापण्याच्या खुणा आणि पूर्ण दर्जाची चित्रे असावीत. फाइलच्या नावात उत्पादन, वजन, तारीख आणि आवृत्ती लिहावी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांमुळे जुनी फाइल छापली जाण्याचा धोका असतो.

मंजुरी देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

- पीडीएफ १०० टक्के मापात साध्या कागदावर छापून, कापून भरलेल्या पाऊचवर चिकटवून पाहावी.
- गटातील दोन वेगळ्या व्यक्तींनी मजकूर मोठ्याने वाचावा. परवाना क्रमांक मूळ प्रमाणपत्र समोर ठेवून एकेक आकडा जुळवावा.
- बारकोड व क्यूआर कोड कागदी प्रतीवर मोबाइलने स्कॅन करावा.
- रंगाची मंजुरी मोबाइलवर देऊ नये. प्रत्यक्ष वापरायच्या कागदावर किंवा फिल्मवर नमुना मागवावा.
- मंजूर नमुन्यावर सही व तारीख घालून एक प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढे वाद झाल्यास तोच आधार ठरतो.

नमुन्याचे लेबल पाऊचवर लावून काही दिवस ठेवावे. हळदीची भुकटी लागलेल्या पाऊचवर स्टिकर नीट धरत नाही, म्हणून लेबल पाऊच भरण्यापूर्वी लावावे. काकवी, तेल किंवा लोणच्याच्या बरणीसाठी कागदाऐवजी फिल्मचे लेबल घ्यावे.

डिझाइनचे पैसे देताना दुरुस्ती करता येणारी मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट व चित्रे ताब्यात घ्यावीत. पत्ता किंवा परवाना क्रमांक बदलला तर डिझाइन पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही. पहिली छपाई कमी संख्येने घ्यावी. दर थोडा जास्त पडला तरी बाजारातून आलेल्या सूचना पुढच्या छपाईत घेता येतात.