म्हातारपणाचा भार कोणावर?

१८५७ नंतर उत्तर भारतातले मोमीन विणकर भिवंडीत आले. विसाव्या शतकात हातमागाची जागा यंत्रमागांनी घेतली. बारा-बारा तासांच्या पाळ्यांत झिजलेल्या बहुतेक कामगारांना पेन्शन नाही. म्हातारपणी आधार घराचाच. घर म्हणजे मुख्यतः सून.

पण बहुतेक उलेमांच्या मते सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज नाही. ती जबाबदारी मुलांची. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही निर्वाहासाठी मुले-नातवंडे धरली, सून नाही. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे.

तरीही मोहल्ल्यात पगारी बाई किंवा वृद्धाश्रम म्हटले की लोक बदनामीला भितात. माझ्या मते मुलाने स्वतः खिदमत करावी, नाहीतर मोबदला देऊन माणूस ठेवावा. सुनेच्या फुकट कष्टांवर खानदानाची इज्जत राखणे हा इन्साफ नव्हे.