पावडर फ्रीस्टाइल स्की

पावडर फ्रीस्टाइल स्की हा खोल व न दाबलेल्या ताज्या हिमावर उड्या, गिरक्या आणि अन्य कसरती करण्यासाठी घडवलेल्या स्कींचा प्रकार आहे. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर वापरल्या जाणाऱ्या स्कींपेक्षा या स्की बऱ्याच रुंद असतात व त्यांची दोन्ही टोके वर वळलेली असतात. त्यामुळे पुढे तोंड करून तसेच पाठमोरे घसरणे शक्य होते. अशा स्कींची निवड करताना दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. भुसभुशीत हिमावर तरंगण्यासाठी पृष्ठभाग मोठा हवा असतो, तर हवेत गिरकी घेण्यासाठी स्की हलकी व आटोपशीर असावी लागते.

संज्ञा

'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील लाकडाची चिरफळी या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. 'पावडर' म्हणजे नुकतेच पडलेले, कोरडे व भुकटीसारखे हिम. अशा हिमाची घनता साधारणपणे दर घनमीटरला ५० ते १०० किलोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. 'फ्रीस्टाइल' या संज्ञेत उड्या, गिरक्या, कोलांट्या व पाठमोरे उतरणे यांचा समावेश होतो. स्कीचा सर्वांत अरुंद मधला भाग 'कंबर', पुढचा भाग 'टोक' व मागचा भाग 'शेपूट' म्हणून ओळखला जातो. स्की जमिनीवर ठेवली असता तिचा मधला भाग वर उचललेला राहत असेल, तर त्या आकाराला 'कमान' म्हणतात. टोके आधीपासूनच जमिनीपासून उचललेली असतील, तर त्यास 'रॉकर' किंवा उलटी कमान असे म्हणतात.

इतिहास

१९८० च्या दशकापर्यंत खोल हिमातही लांब व अरुंद स्कीच वापरल्या जात. त्या हिमात बुडत, म्हणून दोन्ही पाय जवळ ठेवून लयबद्ध वळणे घेण्याचे कौशल्य आत्मसात करावे लागे. त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील अ‍ॅटॉमिक कंपनीच्या रूपर्ट हुबर यांनी 'पावडर प्लस' ही अतिशय रुंद स्की तयार केली. स्नोबोर्ड उभा चिरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. हेलिकॉप्टरने शिखरावर जाऊन स्कीइंग करणाऱ्या पर्यटकांमध्ये ही स्की प्रथम लोकप्रिय झाली.

कसरतींच्या बाजूने बदल वेगळ्या मार्गाने झाला. अमेरिकेत जेसन लेव्हिंथाल यांनी १९९५ मध्ये 'लाइन' ही कंपनी सुरू करून दोन्ही टोके वळलेल्या स्कींचा पाठपुरावा केला. १९९८ मध्ये सॉलोमन कंपनीची 'टेनएटी' ही स्की बाजारात आली. तिच्या घडणीत माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर, जे. एफ. क्युसन आदी कॅनेडियन स्कीपटूंचा सहभाग होता. तीन पूर्ण गिरक्यांचे १०८० अंश हाच या नावाचा अर्थ आहे. पाठमोरे उतरणे या स्कीमुळे सोपे झाले. तथापि ती अरुंद असल्यामुळे मुख्यतः कृत्रिम उड्डाण-उंचवट्यांवरच उपयुक्त होती.

या दोन धारा २००० नंतरच्या दशकात एकत्र आल्या. शेन मॅकाँकी या स्कीपटूच्या कल्पनेतून साकारलेली व्होलाँट कंपनीची 'स्पॅच्युला' ही स्की पाण्यावरील स्कीच्या तत्त्वावर आधारलेली होती. तिची दोन्ही टोके वर उचललेली होती व मधला भाग टोकांपेक्षा रुंद, सुमारे १२५ मि.मी. होता. नेहमीच्या स्कीचा आकारच तिने उलटा केला होता. पुढे के-टू कंपनीच्या 'पाँटून'मध्ये हाच विचार पुढे नेण्यात आला. २००२ मध्ये स्कीपटूंच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'अर्माडा'सारख्या कंपन्यांनी रुंद, रॉकर असलेल्या आणि दोन्ही दिशांना चालणाऱ्या स्की सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचवल्या.

निवडीचे घटक

रुंदी

दाबलेल्या उतारावरील स्कीची कंबर साधारणतः ६५ ते ८५ मि.मी. आणि मिश्र वापराच्या स्कीची ८५ ते १०५ मि.मी. असते. पावडर फ्रीस्टाइल स्कींमध्ये ती बहुधा १०८ ते १२५ मि.मी.च्या दरम्यान आढळते. लांबी तेवढीच ठेवून कंबर ८५ वरून ११५ मि.मी. केली, तर त्या भागाचा पृष्ठभाग सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो व त्या प्रमाणात हिमावरील दाब घटतो. मात्र रुंद स्की कठीण हिमावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेण्यास अधिक वेळ लागतो व गुडघ्यांवर ताण येतो. ज्या डोंगरावर दिवसाचा बराच काळ तुडवलेल्या हिमावरून जावे लागते, तेथे ११० मि.मी.च्या आसपासची कंबर सोयीची ठरते. १२० मि.मी.हून अधिक रुंदी प्रामुख्याने रोज ताजे हिम मिळणाऱ्या ठिकाणांसाठी योग्य असते.

आकार व रॉकर

टोकाकडील रॉकरमुळे स्की हिमाखाली शिरत नाही. शेपटीकडील रॉकरमुळे पाठमोरे उतरताना शेपूट रुतत नाही आणि स्की आडवी फिरवून वेग कमी करणे सुलभ होते. परंतु शेपूट फार मऊ किंवा फार उचललेली असेल, तर मोठ्या उडीनंतर आधार मिळत नाही आणि स्कीपटू मागे कलंडतो. या कारणास्तव अनेक उत्पादक पायाखाली थोडी कमान राखतात, टोकाचा रॉकर लांब ठेवतात आणि शेपटीचा त्या मानाने आखूड ठेवतात. पायाखालील कमान उड्डाणापूर्वीच्या कठीण चढावर पोलादी कडांना पकड देते.

लांबी

रॉकरमुळे कठीण हिमावर टेकणारी लांबी कमी होते. म्हणून अशी स्की तिच्या नोंदवलेल्या लांबीपेक्षा आखूड भासते. सामान्यतः स्कीपटूच्या उंचीइतकी किंवा त्याहून ५ ते १० सें.मी. अधिक लांबी निवडली जाते. झाडांमधून उतरणारे व गिरक्यांना प्राधान्य देणारे आखूड लांबी पसंत करतात. उघड्या, तीव्र उतारांवरून वेगाने येऊन मोठ्या उड्या घेणारे लांब स्की वापरतात. शरीराचे वजन हा घटक उंचीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण स्की किती बुडेल हे वजनावर ठरते.

वजन व ताठरपणा

गिरकी घेताना स्कीच्या एकूण वजनापेक्षा ते कोठे आहे याला अधिक महत्त्व असते. फिरण्यास होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पायापासून ९० सें.मी. अंतरावरील १०० ग्रॅम वजन ३० सें.मी. अंतरावरील तेवढ्याच वजनाच्या नऊपट विरोध करते. त्यामुळे निमुळती व हलकी टोके असलेली स्की हवेत चपळ वाटते. गाभ्यासाठी पॉप्लर, पौलोनिया, अ‍ॅश, मेपल यांचे लाकूड किंवा बांबू वापरतात. त्यांपैकी पौलोनिया विशेष हलके, तर अ‍ॅश व मेपल अधिक चिवट असते. फार हलकी स्की विस्कटलेल्या, ढेकळे झालेल्या हिमात थरथरते. मऊ टोके शेपटीवर किंवा टोकावर भार देऊन केल्या जाणाऱ्या कसरतींना अनुकूल असतात, तर मोठ्या उड्यांसाठी पायाखालचा भाग ताठ असावा लागतो.

बाइंडिंगचे स्थान

बूट ज्या यंत्रणेने स्कीला जखडला जातो, तिला बाइंडिंग म्हणतात. पारंपरिक स्कीवर ती स्कीच्या खऱ्या मध्यापासून साधारण ८ ते १२ सें.मी. मागे बसवतात. त्यामुळे टोकाकडे अधिक लांबी राहते व खोल हिमात तरंगणे सोपे होते. कसरतींच्या मैदानातील स्कीवर ती मध्याजवळ असते, म्हणून दोन्ही बाजूंचे वजन समतोल राहते. पावडर फ्रीस्टाइल स्कीत बहुधा मध्यापासून २ ते ६ सें.मी. मागचे स्थान सुचवलेले असते. बाइंडिंग फार पुढे बसवल्यास टोक हिमाखाली जाण्याचा आणि स्कीपटू पुढे फेकला जाण्याचा धोका वाढतो. एकदा छिद्रे पाडल्यावर स्थान बदलणे कठीण असते. जुन्या व नव्या छिद्रांत पुरेसे अंतर नसेल, तर गाभा कमकुवत होतो. म्हणून खरेदीपूर्वी शक्य तेथे सरकणारी बाइंडिंग असलेली चाचणीची स्की वापरून पाहतात.

बाइंडिंगची निवड

बाइंडिंगचे दोन परस्परपूरक हेतू असतात. उडीच्या धक्क्याने बूट अकारण सुटू नये आणि पाय पिरगळण्याच्या प्रसंगी तो सुटावा. सुटण्याचे बल वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व कौशल्याची पातळी यांवरून ठरवतात. त्याची पद्धत आयएसओ ११०८८ या मानकात दिली आहे. काही कसरतपटू हे बल मुद्दाम वाढवतात. त्यामुळे अवेळी स्की सुटणे टळले, तरी पायाच्या हाडांना व गुडघ्याच्या स्नायुबंधांना असलेले संरक्षण घटते. बुटाचा तळवा आयएसओ ५३५५ प्रकारचा आहे की आयएसओ २३२२३ प्रकारचा, हे पाहून त्यास अनुरूप बाइंडिंग घ्यावी लागते. बाइंडिंगचे ब्रेक स्कीच्या कंबरेपेक्षा किंचित रुंद असावेत. फार रुंद ब्रेक हिमात अडकतात. खोल हिमात सुटलेली स्की पृष्ठभागाखाली नाहीशी होते व ब्रेकचा उपयोग होत नाही. ती शोधण्यासाठी काही जण स्कीला भडक रंगाच्या लांब फिती बांधतात.

हिमाचा प्रकार

एकच स्की सर्व प्रदेशांत सारखी वागत नाही. जपानच्या होक्काइडो बेटावर सायबेरियातून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेतात. त्यामुळे निसेकोसारख्या ठिकाणी हलके हिम वारंवार पडते. तेथे मऊ व रुंद स्की उपयोगी पडते. अमेरिकेच्या युटा राज्यातील हिमही कोरडेपणासाठी प्रसिद्ध आहे. सिएरा नेवाडा व कॅस्केड पर्वतरांगांत प्रशांत महासागराच्या सान्निध्यामुळे हिम बहुधा ओलसर व जड असते. तेथे अधिक ताठ व वजनदार स्की स्थिर राहते.

धोके व सुरक्षितता

खोल हिमातील उडीची जागा अनेकदा दाबलेल्या मार्गांबाहेर असते. युटातील 'चॅड्स गॅप' ही दरीवरून घेतली जाणारी उडी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९९ मध्ये फ्रान्सचा कँडीड थोवेक्स तेथे यशस्वी ठरला. २००५ मध्ये अमेरिकेच्या टॅनर हॉलची उडी त्याच ठिकाणी कमी पडली व त्याचे दोन्ही घोटे मोडले. वेगाचा अंदाज चुकल्यास स्कीची रुंदी वा मऊ हिम यांमुळे इजा टळतेच असे नाही.

हिमस्खलन हा सर्वांत गंभीर धोका आहे. 'टेनएटी'च्या घडणीत सहभागी असलेले ऑक्लेअर यांचा २०१४ मध्ये दक्षिण अमेरिकेतील सॅन लोरेन्झो पर्वतावर हिमस्खलनात मृत्यू झाला. रुंद स्कीमुळे तीव्र व खोल उतार सोपे वाटू लागतात, परंतु त्या उताराची अस्थिरता स्कीमुळे कमी होत नाही. म्हणून प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा शोधसंकेतक, शोधकाठी व फावडे असणे आवश्यक मानले जाते. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. त्यामुळे सोबत्यांनीच शोध घेणे निर्णायक ठरते. सदाहरित वृक्षांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी राहते. तिच्यात डोके खाली करून पडल्यास गुदमरून मृत्यू येऊ शकतो. म्हणून झाडांमध्ये सोबत्याला नजरेआड न करण्याचा संकेत पाळला जातो.

भारतातील संदर्भ

भारतात खोल पावडरसाठी जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग विशेष प्रसिद्ध आहे. तेथील रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. तो अफरवत पर्वतावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे दाबलेल्या मार्गांबाहेरील विस्तीर्ण उतार स्कीपटूंच्या आवाक्यात आले. खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचे आयोजन २०२० पासून येथे होत आहे. अफरवतचे उतार हिमस्खलनप्रवण आहेत. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग परिसरात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. रज्जुमार्गाच्या वरच्या टोकावरून पाऊलही न चढता अशा उतारांवर पोहोचता येत असल्याने, येथे येणाऱ्या स्कीपटूसाठी स्कीइतकीच शोधसाहित्याची, त्याच्या सरावाची आणि स्थानिक वाटाड्याची निवड महत्त्वाची ठरते.